विहिरीत पडली

सांगलीच्या दवाखान्यातून मुलाचा फोन आला, “अण्णा, आई गेली.” तेव्हा मी कवठ्याला, वंशावळ सांगणाऱ्या हेळव्यासमोर बसलो होतो. माझ्या बायकोनं, चंदनानंच मला पाठवलं होतं. घराण्याच्या गोष्टींवरून ती रहस्यकादंबऱ्या लिहायची. या वेळी तिला माझ्या पणजीचा विहिरीतला मृत्यू उलगडायचा होता. “हेळवी वर्षातून एकदाच येतो. माझी काळजी सोडा, विचारून या,” ती म्हणाली होती. हेळव्यानं नुकतीच पोथी मिटली होती. “अण्णा, ‘विहिरीत पडली’ एवढंच लिवलंय. खरं तुमच्या घरातच ठावं असंल.” ठाऊक होतं. पणजोबांनी ढकललं होतं; वडिलांनी सांगितलं होतं. चंदना वर्षभर विचारायची. घराण्याची अब्रू जाईल म्हणून मी “पाय घसरला असेल” म्हणायचो. दवाखान्यात तिच्या खाटेजवळ बसून एका वाक्यात सांगता आलं असतं. कादंबरीचं शेवटचं प्रकरण कोरं आहे. मुलगा विचारतो, त्यालाही मी अजून सांगितलेलं नाही.