अठरा वर्षांचं बेट

होडीतून उतरताना विनायकरावांची चप्पल चिखलात रुतली, आणि ज्या बेटासाठी ते अठरा वर्षं भांडले, त्या बेटावर त्यांचं पहिलं पाऊल अनवाणीच पडलं.

मागून गोपाळकृष्ण सबनीस उतरले. तेही याच बेटासाठी अठरा वर्षं भांडले होते, पण शेजारच्या संस्थानाकडून. नदीच्या इकडे एक दरबार, तिकडे दुसरा. दोन दरबारांचे हे दोन कारकून इंग्रज सरकारच्या रेसिडेंट साहेबांना इंग्रजीत पत्रं लिहीत. बेटावरच्या म्हशी पाणी प्यायला आपल्याच काठाकडे तोंड करतात, हे विनायकरावांनी एकदा अकरा पानं खर्चून सिद्ध केलं होतं. सबनिसांनी उत्तरात म्हशींची शेपटं कोणत्या काठाकडे असतात ते कळवलं. उज्जैनला रामघाटावर गप्पा मारताना विनायकराव या कामाला ‘डिप्लोमसी’ म्हणत. त्यांच्या पत्नी वासंतीबाई त्या बेटाला ‘माझी सवत’ म्हणत.

मग साहेब गेला, संस्थानंही गेली. अठ्ठेचाळीस साली दोन्ही दरबार मध्यभारत या नव्या राज्यात विरघळले आणि दोघांची टेबलं उज्जैनच्या फ्रीगंज भागातल्या एकाच कचेरीत समोरासमोर आली. वर्षभर ते एकमेकांशी कामापुरतंही बोलले नाहीत. अखेर वरून हुकूम आला: दोघांनी जाऊन बेट बघावं, सरकारजमा करावं, म्हणजे त्याचा लिलाव करता येईल.

बेटावर म्हशी नव्हत्याच. चार झोपड्या होत्या, थोड्या शेळ्या, वाळूत पसरलेले खरबुजाचे वेल. एक म्हातारी पुढे आली. रुकमा तिचं नाव. दोन्ही काठांवरच्या जमीनदारांनी हुसकून लावलेली माणसं इथे येऊन राहिली होती.

“झगड़े का टापू था बाबूजी, इसलिए कोई निकालने नहीं आया,” ती म्हणाली. “अब किसका हुआ?”

अठरा वर्षं विनायकरावांना या एकाच प्रश्नाचं उत्तर तोंडपाठ होतं. आज मात्र त्यांनी त्या चार झोपड्यांकडे पाहिलं. आपण भांडण जिंकलं असतं, तर ही माणसं कधीच हाकलली गेली असती. म्हणजे नोकरीत आपल्या हातून घडलेलं एकुलतं एक पुण्य म्हणजे आपलं अपयश! त्यांना हसू आलं आणि लाजही वाटली.

रुकमाने खरबूज कापून दिलं. दोघे वाळूवर बसून खाऊ लागले.

“सबनीस, एक खरं सांगा. या बेटाचा नकाशा तुम्ही कुठे काढलात?”

“कचेरीत. तुमच्या नकाशावरून उतरवला. आणि तुम्ही?”

“मी तुमच्यावरून.”

सबनिसांना हसताहसता ठसका लागला. रुकमाने पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी भांडं परत केलं. मग तिच्याकडे न बघता हळूच म्हणाले, “लिलाव झाला की ठेकेदार यांना चार दिवस राहू देणार नाही.”

“मागच्या पुरात बेट वाहून गेलं, असं लिहिलं तर?”

“अहो, तुमची पेन्शन दोन वर्षांवर आली आहे नं! कोणी बघायला आलं तर दोघंही घरी बसू.”

“अठरा वर्षांत आपण तरी आलो का बघायला?”

सबनिसांनी खरबुजाची साल शेळीपुढे टाकली आणि ते होडीकडे निघाले.

सोमवारी कचेरीत विनायकरावांनी आयुष्यातलं सगळ्यात छोटं पत्र लिहिलं: ‘प्रत्यक्ष पाहणी केली. सदर ठिकाणी बेट आढळले नाही.’ सही करून त्यांनी कागद समोरच्या टेबलावर सरकवला. सबनिसांनी तो दोनदा वाचला, पेन शाईत बुडवलं, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी विनायकरावांच्या पत्राला हरकत घेतली नाही.