दोन चालती यंत्रं

आधी पंखा ऐकू येईल, असं केनेशबेकने गाडीतच ठरवून टाकलं होतं. इतका जुना मॅक संगणक चालू असला की दाराबाहेरून कळतं. बुरुलच्या दाराबाहेर मात्र शेजारचं कुत्रं तेवढं भुंकत होतं.

बिश्केकहून काराकोलपर्यंत धक्के खात तो आला होता, आणि आता दार वाजवायला हात उठत नव्हता.

त्याला पाठवलं होतं जगभर विखुरलेल्या मूठभर हट्टी मंडळींनी. जुन्या मॅकवर युनिक्स ही संगणकप्रणाली चालती ठेवायची, हा त्यांचा उद्योग. पगार नाही, कौतुक नाही, घरच्यांची बोलणी तेवढी पदरात. एकेक करून यंत्रं बंद पडत गेली आणि मंडळींच्या हिशेबी आता जगात दोनच उरली होती. एक केनेशबेकचं, दुसरं बुरुलचं. दोन्ही कुठल्याशा परदेशी संस्थेने पूर्वी इथल्या वर्तमानपत्रांना वाटलेली. ती वर्तमानपत्रं बंद पडल्यावर ज्याने त्याने आपापलं यंत्र घरी नेलं.

मंडळींचा नियम साधा होता. नवी आवृत्ती निदान दोन खऱ्या यंत्रांवर चालली पाहिजे. लॅपटॉपवर मॅकचं सोंग आणणारे प्रोग्राम मिळतात, पण ते जमेस धरायचं नाही. मागे एका जपानी गृहस्थाने अशा सोंगावर चाचणी करून कळवलं, तेव्हा केनेशबेकनेच त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं. दोनाचं एक झालं की जुन्या मॅकचं काम कायमचं बंद.

काम बंद म्हणजे बुरुलचे निरोपही बंद. तो आवृत्ती तयार करायचा, बुरुल ती चालवून बघायची आणि कळवायची. ‘चाललं, बाइके. पंखा कुरकुरतोय. वर मांजर झोपलंय, हलवलं नाही.’ थोरल्या भावाला म्हणतात तसं ती त्याला बाइके म्हणायची. कित्येक वर्षं हे चाललं होतं, भेट एकदाही नाही. बायको गेली, मुलगा कझानला जाऊन तिकडचाच झाला. त्यानंतर केनेशबेकची विचारपूस करणारं हे एकच माणूस उरलं होतं. निरोप आला नाही त्या दिवशी त्याला जेवण जायचं नाही.

या वसंतात मंडळींतल्या एका जर्मनाला शंका आली. बुरुलचं यंत्र कधीच कसं अडत नाही? कुणीतरी डोळ्यांनी बघून यावं. दुसरं कुणी दुसरं काही सुचवायच्या आत केनेशबेकने ‘मी जातो’ म्हणून कळवून टाकलं.

दार आतूनच उघडलं.

"अगबाई, बाइके! फोटोत तर डोक्यावर केस होते!"

"फोटो जुना आहे."

"यंत्रही जुनंच आहे. या, आधी चहा."

चहा झाला. तळलेले बोर्सोक झाले, साय झाली. मग बुरुलने बाजारातून आणलेल्या आश्लान-फूचे, म्हणजे थंड आंबट-तिखट शेवयांचे, दोन वाडगे समोर ठेवले. काराकोलला येऊन हे न खाता कुणी गेलं तर लोक मला गल्लीतून उठवतील, म्हणाली.

"यंत्र बघूया?" त्याने विचारलं.

"दुपारचं तापतं ते. ऊन उतरू दे."

"युनिक्सला ऊन लागतं होय?"

"वय झालं की सगळ्यांनाच लागतं. अजून एक पेला घ्या."

त्याने घेतला. तो पेला संपूच नये असं त्याला वाटत होतं. तिच्या खोलीत ऊब होती, आणि समोर बसून कुणीतरी त्याला वाढत होतं. पण चहा संपला. मग तीच उठली आणि कोपऱ्यातल्या मॅकच्या उभ्या डब्यावरचं भरतकामाचं कापड तिने काढलं. बाजूचा पत्रा हाताने ओढताच निघाला.

आत तारा नव्हत्या, काही नव्हतं. सुकवलेले जर्दाळू होते, काठोकाठ.

"कधीच गेलं ते," बुरुल म्हणाली. "पंखा, मांजर, सगळं मनाने लिहायचे. मुलगी इथे लॅपटॉप टाकून गेली, त्याच्यावर सोंग चालवून बघते."

"का?"

"म्हटलं, हा माणूस एवढा जीव ओततो, कुणाला तरी त्याचा उपयोग आहे असं त्याला वाटावं. छे, आता आणखी खोटं नको. तुमचे निरोप यावेत म्हणून. घरात दुसरा कुणाचा आवाजच नाही हो. लिहा खरं ते. मी रागावणार नाही."

 केनेशबेकने फोन काढला, मंडळींना दोन ओळी लिहिल्या आणि फोन तिच्या हातात दिला.

‘डोळ्यांनी बघितलं. चालतं. पंखा कुरकुरतो.’

बुरुलने डोळे पुसले आणि पुन्हा वाचलं. "हे काय केलंत, बाइके? एवढे काटेकोर तुम्ही! उद्या हे बाहेर आलं तर तुमच्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. निदान तुमचं यंत्र तरी खरं आहे, माझ्यापायी त्याला बट्टा नको."

त्याने वाकून डब्यातला एक जर्दाळू उचलला आणि सावकाश चावून खाल्ला.

"जर्दाळू बरे," तो म्हणाला. "माझ्या डब्यात मी कांदे ठेवतो. त्यांना कोंब फुटतात."