दुसरी शिट्टी

काठावरून पाय निसटला आणि गहिनीनाथ मुकादम मोटेच्या विहिरीत गेला.

ऊस खुरपणाऱ्या बायांचे हात थांबले. छबूबाई तर दोर आणायला उठलीसुद्धा. मेली मनाची मऊ! तेवढ्यात तिची नजर लंकाबाईकडे गेली. लंकाबाईनं मान वर केली नव्हती.

"शिट्टी झाली का गं?" तिनं विचारलं.

छबूबाई मुकाट्यानं खाली बसली. खुरपी पुन्हा चालू झाली.

मुकादमाच्या गळ्यात पितळी शिट्टी असायची. नगरच्या लष्करातल्या कुणा गोऱ्याकडून मिळवलेली, काय तो तोरा! पहिली शिट्टी झाली की भाकरी खायची, दुसरी झाली की कामाला लागायचं. मधे उठेल तिच्या पाठीवर चाबूक. मागल्या अवसेला लंकाबाईचं रांगतं पोर याच विहिरीकडं सरकत गेलं. ती खुरपं टाकून धावली, तर यानं दंड धरून तिला खाली दाबली. "शिट्टी झाली का?" म्हणाला. बाकीच्या खाली मान घालून खुरपत राहिल्या. पोर वर काढलं ते भाकरीच्या सुट्टीत.

विहिरीतून आधी शिव्या आल्या. मग "अगं बायांनो" झालं. मग "आयांनो, दोर टाका गं" झालं. कपारीला धरून लोंबकळत असणार मेला. कुणी जागचं हललं नाही.

शेवटी त्या अकलेच्या खंदकाला शिट्टी आठवली. कपारीचा एक हात सोडून त्यानं ती फुंकली. एकदाच, जीव खाऊन. मग नुसता पाण्याचा आवाज आला.

लंकाबाईनं खुरपं खाली ठेवलं.

"चला गं. भाकरीची येळ झाली."

बाया बाभळीखाली बसल्या. छबूबाई घास हातात धरून विहिरीकडं बघत राहिली.

"लंकाबाई, त्यो मरंल गं."

"मरंल की." लंकाबाईनं तिच्या भाकरीवर आणखी ठेचा घातला. "जेव."

भाकऱ्या संपल्या, फडकी झटकून झाली. विहीर केव्हाच गप्प झाली होती. कामाला मात्र एकही उठली नाही. उन्हं कलल्यावर मळ्याचा मालक साहेब घोड्यावरून आला आणि बसलेल्या बाया बघून भडकलाच.

"हरामखोरांनो, बसलात काय? मुकादम कुठं आहे?"

लंकाबाई तोंड उघडणार, तोच छबूबाई पदर सारखा करत उठली.

"दुसरी शिट्टी झाली न्हाई, सायेब."