सतरा नंबरचं दार

कालव्याचं सतरा नंबरचं दार रोज साडेचारला थोडा वेळ बंद का होतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पाणी वाटणारं यंत्र स्वतःचे नियम स्वतःच बदलत असे. खालच्या गावांच्या तक्रारी आल्या, तेव्हा तो नियम पुसायचं ठरलं. पण नियम पुसण्याआधी कोणीतरी त्या जागी जाऊन उभं राहायचं, अशी कार्यालयाची रीत होती. म्हणून मृणाल ठोसर आज काठावर उभी होती.

दार खाली आलं, पाणी गुडघ्याखाली उतरलं आणि पलीकडून वीसेक मुलं दप्तरं डोक्यावर घेऊन बिनधास्त कालव्यात उतरली.

"अगं, पलीकडे जायला साकव नाही का इथं?" तिने पुढच्या मुलीला विचारलं.

"गेला की वाहून! सकाळी पाणी कमी असतं, पण घरी परतताना आधी दोर धरून यायचो. मग पाणीच थांबायला लागलं. शनिवारी तर साडेअकरालाच थांबतं, सकाळची शाळा असते ना."

मृणाल चमकली. शनिवारची नोंद कार्यालयाने चूक समजून सोडून दिली होती! पाण्यात काही अडकलं तर दार लावायचं, एवढंच यंत्राला शिकवलेलं होतं. शाळेची वेळ त्याने पाण्यातल्या पावलांवरून ओळखली होती.

कार्यालयातून गंभीरे सरांचा फोन आला. "काय मॅडम, पुसू का?"

"नको सर! साकव होईपर्यंत मुळीच नको. खालच्या गावांना मी समजावते."

पाणी सुटायला अजून अवकाश होता. चपला हातात घेऊन ती कालव्यात उतरली. मोठ्या माणसाची पावलं यंत्राला वेगळी कळतात का, हे तिला बघायचं होतं.