तिसरा चौकोन

बार्न्स्लीच्या त्या घरात रविवारी दुपारी गोळीबाराच्या जुन्या गेमचा पहिला भाग लावला, तर लॉरेन आणि तिचा भाऊ गॅविन, दोघांनाही डुलकी लागली. दुसरा भाग मात्र वीस वर्षांनीही टुणटुणीत निघाला. त्यातल्या भिंती भिजलेल्या पुठ्ठ्यासारख्या दिसत होत्या खऱ्या, पण नेम अजून लोण्यासारखा सरकत होता.

घरचा नियमही लहानपणचाच होता. खेळताना टीव्हीचा पडदा दुभागून दोघांचे दोन चौकोन असायचे. दुसऱ्याच्या चौकोनात जो डोकावेल, त्याने चहा करायचा.

खेळ रंगात आला आणि टीव्हीवर तिसरा चौकोन उघडला. त्यात ते दोघं बसले होते तोच कोच होता, मागून दिसणारा, आणि कोचावर दोन डोकी.

"माझं टक्कल एवढं पसरलंय?" गॅविन हादरून म्हणाला.

"डोकावलास. ऊठ, किटली लाव."

तो कुरकुरत स्वयंपाकघरात गेला. लॉरेनने मागे वळून पाहिलं. कोच नेहमीसारखा भिंतीला टेकलेला होता, मागे कुणाला उभं राहायलाही जागा नव्हती.

तिसऱ्या चौकोनातलं चित्र हललं आणि गॅविनच्या मागोमाग निघालं. आधी दार दिसलं, मग किटली, मग ते टक्कल, जवळ, आणखी जवळ.

"गॅव्या, मागे बघ."

"मागे काय आहे ते तुला तिथून कसं दिसलं?" आतून खुशीत आवाज आला. "डोकावलीस. आता चहा तुझ्याकडे."

तो हसत बाहेर आला आणि कोचावर पसरला.

चित्र त्याच्यामागून आलं नाही. ते किटलीपाशीच थांबलं आणि सावकाश दाराकडे वळलं.