नारळाआधीची होडी

रवळनाथाची शपथ घेऊन सांगतंय, ह्यातलो शब्द न् शब्द खरो आसा!

मालवणच्या वाचनालयात कथास्पर्धेच्या शेवटच्या पाच गोष्टींवर वाचकांची चर्चा होती. लेखकांची नावां झाकलेली, आणि जो आपला नाव फोडीत, तेची गोष्ट बाद. म्हणान सत्यवतीआजी आपल्याच गोष्टीसमोर गप बसलेली.

तिच्या गोष्टीत पोटुशी बायको ताजे बांगडे मागता, म्हणान घोव नारळी पौर्णिमेच्या आधीच होडी घेऊन जाता, वादळात गावता, आणि तिसऱ्या दिवशी टोपलीभर बांगडे घेऊन परत येता.

"दर्याक नारळ दिल्याबिगर होडी?" मंगेश मास्तर हसले. "लिवणारो घाटावरचो दिसता!"

"पण तो परत येता ना, ता अगदी खरा वाटता हो," नम्रता डोळे पुसत म्हणाली.

"ता ऱ्हवांदे," मास्तर म्हणाले. "ही गोष्ट स्पर्धेतसून काढूची काय? हात वर करा."

सगळ्यांचे हात वर झाले. एकटीचो खाली दिसलो तर नाव फुटतला, म्हणान आजीनपण आपलो हात वर केल्यान.


बरा, कबूल. माझ्या गोष्टीत एकच खोटा घातलंय मी. तो परत येता, ता.