तत्पूर्वी

परिचयाचं एक पान संपलं. जोतीराम चौगुले सर घोटभर पाणी प्यायले, त्यांनी निवांत चष्मा पुसला आणि पुढचं पान काढलं. सभागृहात कुणीतरी मोठ्यानं जांभई दिली. लोक कंटाळलेत हे सरांना दिसत होतं. आज त्यांना तेच हवं होतं.

व्याख्यानमालेचे ते कार्यवाह. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माला हाच त्यांचा संसार होता. आजच्या वक्त्या मुंबईच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. पूर्णिमा प्रधान. विषय होता, ‘अंगात येतं म्हणजे नक्की काय होतं?’ पत्रिका वाटून झाल्या, पेपरात बातमी आली आणि आज दुपारी सरांना फोन आला.

“सर, तुमचा मान ठिवून सांगतोय. ती बाई आमच्या देवाधर्मावर बोलली, तर आमची माणसं मागं हुबी असतील. मग आमाला बोल लावायचा न्हाय.”

नाव न सांगताच फोन बंद झाला. व्याख्यान रद्द करावं तर मालेची अब्रू जाणार. पोलिसांना सांगावं तर गावभर बोभाटा होणार. होऊ द्यावं तर... त्या ‘तर’च्या पुढं त्यांचा विचार जाईना. मग त्यांना आठवलं, बाईंना आजच महालक्ष्मी एक्सप्रेसनं परत जायचंय. आणि वक्त्याला गप्प बसवायला आपल्याकडं बंदी कशाला लागते? सत्कार पुरतात.

प्रास्ताविक त्यांनी स्वतःच केलं. समईच्या वाती पंख्याच्या वाऱ्यानं विझल्या, तेव्हा त्यांनी मनातल्या मनात पंख्याला हात जोडले. मग शाल, श्रीफळ, रोपटं. बाईंना कोल्हापुरी फेटा बांधायचाच असा हट्ट धरला आणि फेटेवाल्याच्या कानात सांगितलं, “सावकाश बांध, घाई न्हाय.” देणगीदारांना गुलाब झाले, माजी अध्यक्षांना झाले, माजी अध्यक्षांच्या जावयांनाही झाले. कुणाला कसला संशय आला नाही. कुठल्या कार्यक्रमात याहून वेगळं होतं?

तरी सरांचा जीव थाऱ्यावर नव्हता. मागच्या दारापाशी ती माणसं खरोखरच उभी होती. तालमीत कमावलेली आडवी अंगं, हाताच्या घड्या. त्यांच्या म्होरक्याचे कान कुस्तीत मोडलेले. खुर्च्या रिकाम्या असून एकही जण बसला नव्हता. सूत्रसंचालन करणारी निशिगंधा त्यांना बसा म्हणायला गेली, तर म्होरक्यानं नुसती मान हलवली. दार जरा वाजलं की सगळे एकदम तिकडं वळून बघत. अजून कुणाची वाट बघतायत, हे सरांना कळेना.

पहिल्या रांगेत एक म्हातारी बसली होती. तिची नजर बाईंवरून हलत नव्हती. “आता मी पाहुण्यांना विनंती करतो,” असं सर म्हणाले की ती पदर सावरून पुढं सरकायची. “तत्पूर्वी,” असं म्हणाले की पुन्हा मागं टेकायची. शेवटी सरांनी तिच्याकडं बघणंच सोडलं.

“सर, मॅडमची गाडी चुकेल,” निशिगंधा जवळ येऊन कुजबुजली. “आता त्यांना बोलू द्या की.”

“झालंच. दोनच मिनिटं,” सर म्हणाले आणि त्यांनी मालेचा इतिहास काढला.

अखेर बाई माइकसमोर आल्या, तेव्हा त्यांना स्टेशनवर न्यायची गाडी दारात लागली होती. फेटा सावरत त्या हसल्या. “माझा इतका सविस्तर परिचय आजवर कुणीच करून दिला नव्हता. विषयासाठी मात्र मला पुन्हा यावं लागेल.” त्यांनी नमस्कार केला. टाळ्या पडल्या. बाई गेल्या.

सरांचा जीव भांड्यात पडला. लाज वाटत होती, नाही असं नाही. पण कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही, मालेला डाग लागला नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं आणि ते कागद गोळा करू लागले.

तेवढ्यात दारातली ती माणसं गर्दीच्या उलट चालत पुढं येताना त्यांना दिसली. सरांनी पोडियम घट्ट धरला.

मोडक्या कानाच्या माणसानं आधी पहिल्या रांगेतल्या म्हातारीला हात देऊन उठवलं. मग सरांच्या पाया पडला.

“मी आकाराम. मलकापूरचा. ही आमची आई, बायडाबाई. हिच्या अंगात यायचं सर. लोकं पाया पडायची, आन् ही दिस दिस जेवायची न्हाय. डोळ्यांदेखत वाळून चाललीती. आमच्याकडं झालेल्या शिबिरात ह्या बाईंनीच बरी केली. आमच्या गावातलाच एकजण फुशारकी मारत हुता, कोल्हापुरात फोन केलाय, भाषण उधळणार म्हणून. मग म्हटलं, कोण उधळतंय बघूच की. तालमीतली चार माणसं घिऊन दारात हुबा ऱ्हायलो. बुडसुदिक टेकलं न्हाय.”

सरांनी गोळा केलेले कागद पुन्हा पोडियमवर ठेवले.

“पर कुणीबी आलं न्हाय बगा,” आकाराम म्हणाला. “एक माणूस फिरकला न्हाय.”

म्हातारी मंचावरच्या माइककडं बघत होती. तिनं लेकाची बाही ओढली.

“मग बाईस्नी बोलू कुणी दिलं न्हाय रं?”